पाणी कुठे मुरलंय? जुना पॉप-अप कॅम्पर दुरुस्त करावा की सोडून द्यावा

जुना पॉप-अप कॅम्पर (गाडीमागे ओढून न्यायची, छप्पर वर उचलून उघडायची मुक्कामाची गाडी) बघायला जायचं ठरलं की विकणाऱ्याला फोनवर एकच विनंती करा: "मी येईपर्यंत तो बंदच राहू द्या, मी आल्यावर आपण मिळून उघडू." बहुतेक माणसं भल्या मनाने आदल्या दिवशीच छप्पर वर करतात, खिडक्या उघडतात, गाद्या उन्हात टाकतात. पण त्यात तुमची सगळ्यात मोठी खूण निघून जाते, ती म्हणजे वास. बंद कॅम्पर उघडल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात नाकाला जे कळतं, ते नंतर तासभर टॉर्च मारूनही कळत नाही. जुन्या कापडाचा वास वेगळा आणि ओल्या, कुबट लाकडाचा वास वेगळा. कुबट वासावर कोणी सुगंधी फवारा मारला असेल, तर तीही एक खूणच.

हा प्रकार ज्यांनी जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात रचना सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. खाली लोखंडी चॅसी, तिच्यावर लाकडी फरशी, फरशीवर कंबरेइतक्या उंचीची पेटी आणि पेटीवर झाकणासारखं छप्पर. विंच (केबल गुंडाळणारी, हाताने फिरवायची चरखी) फिरवला की केबल ओढल्या जातात, चार कोपऱ्यांतले खांब लांब होतात आणि छप्पर वर जातं. दोन बाजूंनी पलंगाच्या फळ्या बाहेर सरकतात आणि मधल्या मोकळ्या जागेत कॅनव्हास ताणला जातो. बाहेरून सगळं पत्र्याचं आणि प्लास्टिकचं दिसतं, आत मात्र लाकूड असतं. फरशी प्लायवुडची किंवा लाकडाच्या चिपा दाबून केलेल्या बोर्डाची. भिंतींत लाकडी रिपांची चौकट, तिच्या बाहेर पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा आणि आत पातळ प्लाय. बऱ्याच मॉडेल्सचं छप्परही असंच, मधे फोम भरलेलं. काहींचं छप्पर एकसंध फायबरग्लासचं असतं. ते निदान सांध्यांतून गळत नाही, पण त्यालाही भोकं पाडून हवेची झडप बसवलेली असते आणि कडेला स्क्रू असतातच.

म्हणजे कॅम्परला पाणी लागलं याचा अर्थ लाकडाला पाणी लागलं. आणि ते लाकूड दोन्ही बाजूंनी झाकलेलं असतं.

मी पहिल्यांदा असा कॅम्पर घेतला तेव्हा दाराजवळ आतल्या प्लायवर तळहाताएवढा तपकिरी डाग होता. दाराची रबरी पट्टी गेली असेल, ती बदलू, असं धरून मी तो घरी आणला. प्लाय काढला तर खालची आडवी रीप दारापासून पार पुढच्या कोपऱ्यापर्यंत भुसभुशीत झाली होती. पाणी दारातून येतच नव्हतं. ते पुढच्या कोपऱ्यावरच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीखालून शिरत होतं. आधीच्या मालकाने कॅम्पर कायम नाक थोडं वर करून उभा केलेला, त्यामुळे पाणी रिपेवरून मागे वाहत येऊन दाराच्या चौकटीपाशी अडत होतं आणि तिथे डाग दिसत होता. तेव्हापासून मी डागाला पाण्याचं उगमस्थान मानत नाही. पाणी जिथे थांबलं ती जागा डाग दाखवतो. शिरलं कुठून, ते तुम्हाला शोधावं लागतं.

सोबत काय न्यावं

चांगला टॉर्च, टोकदार स्क्रूड्रायव्हर किंवा सुतारी टोचा, लहान हातोडी, गुडघ्याखाली घ्यायला जुनी सतरंजी, रंगाऱ्यांची कागदी टेप आणि जमल्यास लाकडातली ओल मोजायचं पिनवालं मीटर. साधं मीटरही चालतं. शक्य असेल तर मोठा पाऊस पडून गेल्यानंतर एक-दोन दिवसांत जा. लांब कोरड्या काळानंतर बघितलेला कॅम्पर नेहमीच बरा वाटतो.

छप्पर वर जाताना

विंच स्वतः फिरवा. छप्पर चारही कोपऱ्यांनी सारखं वर जातंय का, एखादा कोपरा मागे राहतोय का, केबल करकरतेय का, हे हाताला आणि कानाला कळू द्या. वर गेल्यावर खांबांना आधार लावल्याशिवाय आत डोकं घालू नका. जुन्या केबलचा भरवसा नसतो.

मग लांब उभं राहून छपराची कड एका डोळ्याने न्याहाळा. मधे पोट सुटलंय का? झोळ असलेल्या छपरावर पाणी साठतं आणि साठलेलं पाणी झोळ वाढवतं. तीन मीटर बाय दोन मीटरच्या छपरावर फक्त एक सेंटिमीटर पाणी साठलं तरी ते साठ किलो होतं. त्यात आतला फोम आणि रिपा भिजून जड झालेल्या असतात, आणि हा सगळा भार खांब, केबल आणि पुल्यांवर येतो. म्हणून ओलं छप्पर ही फक्त छपराची अडचण राहत नाही.

आतून छताला तळहाताने दाबत जा. पक्क्या जागी हाताला विरोध जाणवतो, कुजलेल्या जागी छत स्पंजासारखं आत जातं. हवेच्या झडपेभोवती, एअर कंडिशनर बसवला असेल तर त्याच्याभोवती आणि चारही कडांना जास्त वेळ द्या. छतावर नवाकोरा रंग दिसला तर तो का दिला, हे सरळ विचारा. उत्तर प्रामाणिक असेल तर लगेच कळतं.

पलंगाच्या फळ्या

इथे बरेच जण घाई करतात, आणि मला तेच सगळ्यात जास्त खटकतं. या फळ्यांवर माणसं झोपतात, मुलं झोपतात, आणि फळी जमिनीपासून जवळजवळ कंबरेइतक्या उंचीवर बाहेर लोंबकळत असते, खाली फक्त दोन नळ्यांचा आधार. फळी पूर्ण बाहेर काढा, आधार लावा, गादी उचला आणि कडा तपासा. प्लायवुड कडेतून पाणी पितं. चिरलेल्या कडेत लाकडाचे तंतू उघडे असतात आणि ओल त्यातून आत ओढली जाते. फळीच्या बाहेरच्या टोकाला, जिथे कॅनव्हासची पट्टी अडकते, तिथे टोचा दाबून बघा. मग खाली वाकून खालची बाजू बघा. थर सुटलेत का, फुगा आलाय का, काळे ओघळ आहेत का? शेवटी गुडघा टेकून हळूहळू भार द्या. फळी चरचरली किंवा वाकली, तर ती बदलावी लागणार हे पक्कं समजा. फळी बदलणं अवघड नाही, पण वरवर डागडुजी करून तिच्यावर कोणाला झोपवू नका.

फरशी आणि पेटी

फरशीवर टाचेने चाला. मधोमध नाही, कडेकडेने: दाराच्या उंबऱ्याशी, चाकांवरच्या उंचवट्याजवळ, सिंकच्या कपाटाखाली, पुढच्या सामानपेटीला लागून. टाच रुतल्यासारखी वाटली की तिथे टेपचा तुकडा लावा आणि पुढे चला. सगळं फिरून झाल्यावर टेपचे तुकडे एका नजरेत बघा. ते एका ओळीत असतील तर पाणी एकाच वाटेने आलंय. चारही दिशांना विखुरलेले असतील तर वाटा अनेक आहेत.

नंतर सतरंजी टाकून खाली शिरा. चाकांना अडसर आणि कोपऱ्यांतले जॅक लावल्याशिवाय खाली जायचं नाही. चाकांच्या मागचा भाग नीट बघा, कारण रस्त्यावरचं पाणी तिथे सतत उडतं. काही कॅम्परना खालून काळा लेप किंवा प्लास्टिकचा कागद असतो. वरून आलेलं पाणी त्यात अडकून राहतं, लाकूड वाळतच नाही. हातोडीने हलकेच ठोकत जा. चांगलं लाकूड खणखणीत आवाज देतं, कुजलेलं बद्द वाजतं. चॅसीलाही ठोका. वरवरचा गंज चालतो, पण पोपडे निघत असतील किंवा हातोडीचं टोक आत जात असेल, तर तपासणी तिथेच थांबवा आणि निरोप घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाची जागा: खांबांची बुडं. छप्पर उचलणारे चार खांब चॅसीला किंवा पेटीच्या कोपऱ्यांना धरलेले असतात. त्यांच्या बोल्टभोवतीचं लाकूड टोचून बघा. एखादा स्क्रू सैल असेल तर मालकाला विचारून तो बाहेर काढा. माझ्या हातात असा एक स्क्रू आला होता, त्याच्या आट्यांत गंज आणि लाकडाचा तपकिरी भुगा एकत्र घट्ट बसला होता, बोटात चुरला की ओल्या पुठ्ठ्यासारखा पसरायचा. त्या कोपऱ्यातलं लाकूड स्क्रूला धरतच नव्हतं. स्क्रू नुसता भोकात उभा होता.

मीटर असेल तर ते आता वापरा, आधी नाही. आधी हातांनी शोधा, मग आकड्याने खात्री करा. ढोबळमानाने पंधरा टक्क्यांपर्यंत ओल असेल तर लाकूड ठीक आहे. वीसच्या वर गेलं की काळजीचं कारण. कुजवणाऱ्या बुरशीला रुजायला तंतू पुरते भिजलेले लागतात, म्हणजे २८ ते ३० टक्क्यांच्या आसपास. पण एकदा रुजलेली बुरशी लाकूड वाळलं तरी मरत नाही, निपचित पडून राहते आणि पुन्हा ओल मिळाली की जागी होते. म्हणून कोरड्या मोसमात आकडा बारा आला, पण लाकूड टोच्याने चुरतंय, तर विश्वास टोच्यावर ठेवा. पिनांची टोकं पत्र्याला लागली तर आकडा खोटा येतो, तेवढं सांभाळा.

निर्णय

इथपर्यंत आल्यावर माणूस मनातल्या मनात हिशोब मांडायला लागतो: प्लाय एवढ्याचा, सीलंट (सांधे बुजवायचं लुकण) तेवढ्याचं. थोडं थांबा. मी पैशांच्या आधी दोन प्रश्न विचारतो.

पहिला: पाणी शिरण्याची जागा मला सापडली का? बोट ठेवून दाखवता येईल इतकी सापडली का? नसेल सापडली तर दुरुस्तीचा खर्च कोणालाच सांगता येणार नाही, मालकालाही नाही. नवीन प्लाय बसवलेली भिंत दोन पावसाळ्यांत पुन्हा कुजते, कारण भोक तिथेच असतं.

दुसरा: कूज भार वाहणाऱ्या भागापर्यंत पोहोचली आहे का? खांबांची बुडं, पेटी चॅसीला धरणारे बोल्ट, छपराच्या कडेची चौकट आणि फरशीची चॅसीवर टेकलेली पट्टी हे भार वाहणारे भाग. कपाटामागची प्लायची फळी, दारालगतचा फरशीचा तुकडा, पलंगाची एखादी फळी हे सुटे भाग आहेत. ते कापून काढता येतात आणि नवे बसवता येतात.

उगम सापडला आणि कूज सुट्या भागांपुरती असेल, तर नवशिक्यानेही घ्यायला हरकत नाही. लाकूडकाम शिकायला यापेक्षा चांगली संधी कमीच मिळते. उगम सापडला, पण एक भार वाहणारा भाग कुजला असेल, तर हाताशी झाकलेली जागा, मोकळा वेळ आणि सुतारकामाची थोडी सवय असेल तरच हात घाला. दोन किंवा जास्त कोपऱ्यांची बुडं गेली असतील, छपराला पोट सुटलं असेल आणि उगम सापडत नसेल, तर कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्या. फुकट मिळाला तरी सोडा. असा कॅम्पर चॅसी आणि सुटे भाग वापरणाऱ्या माणसाच्या कामाचा असतो.

यात कॅनव्हासची स्थितीही धरा. लाकूड तुलनेने स्वस्त असतं, संपूर्ण कॅनव्हास नव्याने शिवून घेणं मात्र पॉप-अपमधल्या सगळ्यात महागड्या कामांपैकी एक. कुजलेलं लाकूड आणि फाटका, बुरशी लागलेला कॅनव्हास एकाच कॅम्परमध्ये असतील, तर ते दोन वेगळे खर्च समजू नका. दोन्ही मिळून बहुतेक वेळा त्या कॅम्परच्या किमतीवर जातात. उलट लाकूड थोडं गेलंय, पण कॅनव्हास घट्ट, शिवण पक्की, खांब सरळ आणि विंच गुळगुळीत असेल, तर अशा कॅम्परसाठी मी आजही उत्साहाने कंबर कसतो.

पैशांचा हिशोब त्यानंतर. दिसतंय तेवढं नुकसान मोजा आणि दुप्पट धरा. झाकलेल्या जागी जवळजवळ नेहमीच तेवढं आणखी निघतं. त्यात विकत घ्यायची किंमत मिळवा आणि त्याच वयाच्या, कोरड्या, चांगल्या कॅम्परच्या किमतीशी ताडून बघा. बेरीज तिथपर्यंत पोहोचत असेल तर कोरडाच घ्या. दिवसांचाही असाच हिशोब करा. एक शनिवार-रविवार लागेल असं वाटलं तर चार धरा, त्यातला मोठा वेळ लाकूड वाळायची वाट बघण्यात जातो.

टायरही आत्ताच बघा. कडेला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. उभ्या कॅम्परचे टायर झिजत नाहीत, पण वयाने जातात. खाचा नव्यासारख्या दिसल्या तरी जुना टायर बदलायचा खर्च धरून ठेवा.

घ्यायचं ठरलं तर, उगम असा शोधा

सगळ्यात आधी पाण्याची चाचणी. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडायचं, तेही खालून वर. आधी भिंतीचा खालचा सांधा, दहा मिनिटं. मग दाराची चौकट. मग कोपऱ्याची पट्टी. छप्पर सगळ्यात शेवटी. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडे एकदम ओघळेल आणि काही कळणार नाही. आतल्या बाजूला संशयित सांध्याखाली खडूची पूड भुरभुरवा. ओलीचा पहिला थेंब पुडीत बारीक गडद रेघ ओढतो, ती डोळ्यांना चटकन दिसते. ती रेघ वर कुठे जाते, तिकडे पाण्याची वाट असते. सापडली की टेप लावून फोटो काढा.

पाणी पावसाचंच असेल असंही नाही. सिंकची नळी, टाकीचा सांधा, थंडीत गोठून तडकलेला पाइप यांनीही फरशी कुजते. आणि कॅनव्हास ओला असतानाच घडी घालून ठेवला की काही आठवड्यांत पलंगाच्या फळ्यांना बुरशी धरते, एक थेंब न गळताही.

कामाचा क्रम

उगम बंद करण्याआधी आतलं उघडा आणि सुकू द्या. ओल आत कोंडून वरून सीलंट लावणं म्हणजे कूज पेटीत बंद करणं. बुरशीचं लाकूड काढताना चांगला मास्क लावा, हातमोजे घाला, जागा हवेशीर ठेवा. दम्याचा त्रास असेल तर हे काम दुसऱ्याकडून करून घ्या. वरवर ब्लीच पुसल्याने लाकडाच्या आतली बुरशी जात नाही. कुजलेला भाग कापून काढावा लागतो, आणि तोही चांगल्या लाकडात वीतभर आत जाऊन. फरशीचा तुकडा कापताना कड चॅसीच्या आडव्या पट्टीवर येईल असं माप घ्या, म्हणजे नव्या तुकड्याला दोन्ही बाजूंनी आधार मिळेल. नवा प्लाय जुन्याच जाडीचा आणि बाहेर वापरायच्या दर्जाचा घ्या, आणि बसवण्याआधी त्याच्या सगळ्या कडांना रंग किंवा इपॉक्सी पाजा. राहिलेल्या चांगल्या लाकडाला बोरेटचं द्रावण लावलं तर बुरशीला आळा बसतो.

कुजलेल्या लाकडात द्रव इपॉक्सी ओतून ते कडक करायचा मोह होतो. खिडकीच्या चौकटीच्या एखाद्या कोपऱ्याला ते चालतं. खांबाच्या बुडाशी ते करू नका, तिथे नवं लाकूडच हवं.

पट्ट्या परत बसवताना जुना सीलंट पूर्ण खरवडून काढा, खाली नवी ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) द्या, नवे न गंजणारे स्क्रू घ्या आणि वरून कॅम्परच्या छपरासाठी बनवलेलं सीलंट फिरवा. साधं सिलिकॉन वापरू नका. ते वयाने सुटतं, आणि एकदा लागलं की त्याच्यावर दुसरं काहीच धरत नाही. पुढच्या माणसाला, म्हणजे बहुधा तुम्हालाच, ते ब्लेडने इंचाइंचाने खरवडावं लागतं.

आतला प्लाय लगेच लावू नका. भिंत उघडीच ठेवा, पाण्याची चाचणी त्याच क्रमाने पुन्हा करा आणि एक खरा मोठा पाऊस जाऊ द्या. त्या रात्री टॉर्च घेऊन आत जा आणि नव्या रिपेवरून हात फिरवा. कोरडी लागली, की दुसऱ्या दिवशी प्लाय ठोका.